जुळवून घेण्याची किंमत : ‘बनगरवाडी’, ‘बारोमास’ आणि ‘अधांतर’

प्रास्ताविक

मराठी घरातून मुलगी सासरी निघाली की तिला जो उपदेश केला जातो, तो बहुधा दोनच शब्दांचा असतो : जुळवून घे. हाच उपदेश जावयाला केला जात असल्याचे सहसा ऐकिवात नाही. बदललेल्या परिस्थितीशी माणूस कसा जुळवून घेतो, हा प्रश्न आज जीवशास्त्रापासून मानवशास्त्रापर्यंत आणि पर्यावरणशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विद्याशाखांत चर्चिला जातो. त्यासाठी ‘अनुकूलन’ ही संज्ञा मराठीत रूढ झाली आहे. मात्र ही पारिभाषिक संज्ञा आणि घरातला हा वाक्प्रचार यांत एक महत्त्वाचा भेद आहे. अनुकूलन ‘घडते’; जुळवून मात्र कोणीतरी ‘घ्यावे’ लागते. कोणी घ्यावे, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. ज्याच्या हाती सत्ता कमी, त्याने.

साहित्यकृतीला या प्रश्नाच्या चर्चेत स्थान असावे, ते याच कारणासाठी. पर्जन्यमानाची आकडेवारी, पीकक्षेत्राचे तक्ते किंवा बंद पडलेल्या गिरण्यांची यादी यांतून बदल कळतो. पण तो बदल एका घरात कसा वाटला गेला, कोणाच्या वाट्याला त्याचा भार किती आला, हे कादंबरी आणि नाटक अधिक नेमकेपणाने दाखवू शकतात. प्रस्तुत लेखात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही कादंबरी आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक या तीन कृतींचा या दृष्टीने विचार केला आहे. पहिल्या कृतीत आव्हान प्रामुख्याने निसर्गाचे आहे, दुसरीत शेतीच्या नव्या तंत्राचे व बाजाराचे, तर तिसरीत उद्योग बंद पडल्याने विस्कटलेल्या समाजव्यवस्थेचे. या कृतींची समीक्षा आजवर मुख्यतः प्रादेशिक, ग्रामीण आणि कामगारजीवनविषयक अशा स्वतंत्र कप्प्यांत झाली. त्यामुळे तिन्हींमध्ये समान असलेला प्रश्न नजरेआड राहिला. तो प्रश्न असा : माणसे परिस्थितीशी जुळवून घेतात ती कोणत्या साधनांच्या बळावर, आणि ती साधनेच नाहीशी झाली तर जुळवून घेण्याला काय अर्थ उरतो?

संज्ञेचा विचार

मराठीत या अनुभवासाठी एकच शब्द नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘जुळवून घेणे’ यात दोन पक्ष गृहीत आहेत आणि त्यांतील एकाने वाकणे अपेक्षित आहे. ‘तगणे’ यात वाकणे नाही. केवळ जीव धरून राहणे आहे. उन्हाळ्यात रोप तगते, तेव्हा ते वाढत नसते. ‘निभावणे’ यात काळाची कल्पना आहे. वाईट दिवस जातील, तोवर कसेबसे पार पडायचे आहे. दुष्काळी मुलुखात वापरला जाणारा ‘जगायला जाणे’ हा प्रयोग तर या सर्वांहून वेगळा आहे. गाव सोडून जाणाऱ्या माणसाचा हेतू त्यात सांगितला आहे आणि गावात राहणे म्हणजे काय, हेही न बोलता सांगितले आहे.

या चार प्रयोगांतील भेद ध्यानात घेतल्यास समीक्षेत वारंवार आढळणाऱ्या ‘जिद्द’, ‘सोशिकता’, ‘जीवनेच्छा’ या शब्दांची मर्यादा स्पष्ट होते. हे शब्द व्यक्तीच्या स्वभावाचे वर्णन करतात. माणूस तगला, तर तो जिद्दी होता म्हणून; कोसळला, तर तो दुबळा होता म्हणून, असा निष्कर्ष त्यांतून नकळत निघतो. वस्तुतः तगण्यासाठी स्वभावाखेरीज आणखी पुष्कळ काही लागते : जनावरे, जमीन, पत, कसब, शेजार आणि वेळेवर मिळालेली बातमी. पुढील विवेचन या ‘आणखी काही’चा शोध घेते.

‘बनगरवाडी’ : निघून जाण्याचे शहाणपण

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे माडगूळ हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात, माणदेशच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत हा भाग औंध संस्थानात होता. कादंबरीतील तरुण मास्तर याच संस्थानाच्या शाळाखात्याचा नोकर म्हणून धनगरांच्या लहानशा वस्तीवर येतो. तेथे शाळा आहे, मुले नाहीत. मुले मेंढरांमागे आहेत. वृद्ध कारभाऱ्याने मनावर घेतल्यावरच शाळा भरू लागते.

मास्तर आणि वस्ती यांच्यातील हळूहळू वाढणारा जिव्हाळा हा या कादंबरीचा सर्वपरिचित विशेष आहे. परंतु तिच्या रचनेत एक खोल विसंवादही आहे आणि तो पुरेसा चर्चिला गेलेला नाही. शाळा ही स्थिर वस्तीसाठी असलेली संस्था आहे. तिला इमारत लागते, हजेरीपट लागतो, रोज त्याच ठिकाणी येणारी मुले लागतात. मेंढपाळाचे जगणे मात्र फिरतीवर उभे आहे. दख्खनच्या पठारावरील धनगर चाऱ्याच्या शोधात ऋतूनुसार वाडा हलवतात, वाटेत शेतांत मेंढ्या बसवतात आणि त्या खतापोटी धान्य मिळवतात. कमी पावसाच्या प्रदेशात एका जागी न थांबणे हेच तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले अनुकूलन आहे. मास्तर अक्षरे आणतो, तालीम बांधण्याची कल्पना काढतो, लोक श्रम देतात आणि तालमीसाठी राजेसाहेबही वस्तीवर येतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते आणि १९३९ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात ग्रामपंचायतींवर आधारलेल्या स्वराज्याचा प्रयोग सुरू केला, हे ध्यानात घेतले म्हणजे या तालमीचा अर्थ अधिक उलगडतो. सुधारणेची ही सारी दिशा गाव एका जागी रुजवण्याची आहे.

दुष्काळ येतो आणि हा विसंवाद उघडा पडतो. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात आणि बिऱ्हाडे हलतात. शाळा रिकामी होते. तालीम उभी राहते, पण तिच्यात घुमणारे कोणी उरत नाही. शेवटी मास्तरही वस्ती सोडतो. हा शेवट पराभवाचा म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. मास्तरच्या बाजूने पाहता तो तसा आहेही. पण निवेदन मास्तरचे आहे आणि तो पगारी नोकर आहे, हे विसरता येत नाही. त्याच्या दृष्टीने जे गाव ‘ओस पडले’, ते धनगरांच्या दृष्टीने जगायला गेले आहे. निघून जाण्याचा निर्णय हा कोसळणे नसून त्यांच्या हाती उरलेले शेवटचे कसब आहे.

याचा अर्थ हे कसब नेहमी पुरते, असा नव्हे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात आफ्रिकेतील पशुपालकांच्या संदर्भात दाखवून दिले आहे की, अवर्षणात पशुपालकाचे नुकसान दुहेरी असते. जनावरे मरतात हे एक. आणि जी उरतात ती सर्वांनी एकाच वेळी विकायला काढल्यामुळे त्यांचा भाव पडतो व धान्याचा चढतो, हे दुसरे. त्यामुळे एका मेंढरामागे मिळणारे धान्य नेमके गरजेच्या वेळी घटते. बनगरवाडीच्या मेंढरांचे मरणे या अर्थाने केवळ करुण चित्र नाही. ज्या एका साधनावर फिरण्याचे शहाणपण उभे आहे, ते साधनच संपत चालल्याची ती खूण आहे. मेंढरे आहेत तोवर धनगर कोठेही धनगर असतो. मेंढरे गेली की तो केवळ मजूर उरतो.

‘बारोमास’ : दर हंगामात विकत घेतलेले भवितव्य

‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वऱ्हाडातील कोरडवाहू शेती, तिच्यात रुतलेले तनपुरे कुटुंब आणि एम. ए. झालेला, नोकरी न मिळाल्याने शेतीकडे वळलेला एकनाथ यांची ही कादंबरी आहे. येथे पाऊस लहरी आहेच. पण एकनाथच्या कुटुंबाला जो पेच सोडवता येत नाही, तो केवळ पावसाचा नाही.

संकरित ज्वारीचे ‘सीएसएच-१’ हे वाण १९६४ मध्ये आणि ‘एच-४’ हा संकरित कापूस १९७० मध्ये आला. उत्पादन वाढले, ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु या तंत्राबरोबर शेतीच्या व्यवहारात एक मूलभूत बदल झाला. संकरित वाणाचे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. पेरले तर तसे पीक येत नाही. कणगीतले बियाणे दुकानात गेले. त्यामागून रासायनिक खत आले, कीटकनाशक आले आणि या तिन्हींसाठी लागणारे कर्ज आले. ज्या वर्षी ‘बारोमास’ प्रसिद्ध झाली, त्याच २००२ साली बीटी कापसाच्या लागवडीला भारतात परवानगी मिळाली, हा योगायोग असला तरी बोलका आहे. जुन्या शेतकऱ्याचे ज्ञान आपल्या रानाचे, मातीचे आणि नक्षत्रांचे होते. ते बापाकडून मुलाकडे जात असे. नव्या तंत्राचे ज्ञान पाकिटावर छापून येते आणि पुढच्या हंगामात पाकीट बदलते. शेतकरी नव्या तंत्राशी जुळवून घेत नाही, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. तो दर हंगामात जुळवून घेतो आणि दर हंगामात त्याला नव्याने आरंभ करावा लागतो. ‘बारोमास’ या शीर्षकातील बारा महिन्यांचे न संपणारे चक्र या अर्थानेही वाचता येते.

या कुटुंबातील प्रत्येकाने सुटकेची स्वतंत्र वाट शोधली आहे, हे कादंबरीचे मर्म म्हणता येईल. वडील सुभानराव जमिनीला धरून आहेत. एकनाथने शिक्षणाची वाट धरली. धाकटा मधू गुप्तधनाच्या नादी लागतो. एकनाथची पत्नी अलका नोकरदार नवऱ्याची अपेक्षा घेऊन या घरात आली आहे; ती अपेक्षा मोडल्यावर तिच्यापुढे माहेर हीच वाट उरते. बनगरवाडीत संकटाला उत्तर वस्ती म्हणून दिले जाते. येथे एका घरात चार उत्तरे आहेत आणि ती परस्परांना छेद देतात. एकाची वाट मोकळी व्हायची तर दुसऱ्याच्या पायाखालची जमीन विकावी लागते, असा हा पेच आहे.

मधूचे गुप्तधनाचे वेड समीक्षेत अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून सहज निकालात काढता येईल. पण ज्या घराने बियाण्यावर पैसे लावले आणि पाऊस आला नाही, पीक आले तर भाव आला नाही, पदवीवर वर्षे लावली आणि नोकरी आली नाही, त्या घरातील तरुणाला जमिनीखालचा हंडा इतर पर्यायांहून फारसा बेभरवशाचा वाटू नये, यात अतर्क्य असे काही नाही. शेतीच जेथे जुगार झाली आहे, तेथे विवेक आणि वेड यांतील अंतर कमी होते. देशमुखांनी ते अंतर किती कमी झाले आहे, हे दाखवले आहे.

एकनाथच्या पदवीचा प्रश्न मात्र महाविद्यालयीन अध्यापकांना अधिक जवळून भिडणारा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात शिक्षण हे गेल्या दोन-तीन पिढ्यांतील सर्वांत मोठे अनुकूलन होते. शेती पुरत नाही, तेव्हा एक मुलगा शिकवायचा आणि त्याच्या पगारावर घर व शेत दोन्ही तारायचे, असा तो हिशेब होता. एकनाथने आपल्या वाट्याचे काम पूर्ण केले आहे. तो शिकला, उत्तीर्ण झाला. परंतु नोकरीसाठी संस्थेला द्यायची रक्कम त्याच्याजवळ नाही. पदवी हे साधन नव्हते. ते केवळ रांगेत उभे राहण्याचे तिकीट होते, असे त्याला उशिरा कळते. शिक्षणाने त्याला शेतीपासून मनाने दूर नेले आणि नोकरीपर्यंत पोहोचवले नाही. ज्या वर्गात ही कादंबरी शिकवली जाते, त्या वर्गाच्या बाकांवर अनेक एकनाथ बसलेले असतात. त्यांना ही कादंबरी ‘ग्रामीण वास्तवाचे प्रत्ययकारी चित्रण’ म्हणून शिकवली गेली, तर ते चित्रण ज्या संस्थात्मक व्यवहाराकडे बोट दाखवते, तो व्यवहार अलगद बाजूला पडतो.

‘अधांतर’ : एका खोलीत अडकलेली माणसे

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे मूल्य गिरण्यांच्या उत्पादनाहून अधिक ठरले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनींच्या पुनर्विकासाची वाट खुली केली आणि २००१ मधील दुरुस्तीने मोकळ्या जागा व परवडणाऱ्या घरांसाठी सुटणारे क्षेत्र आकसले. ‘अधांतर’ या सर्व घडामोडींच्या मधोमध, १९९७ मध्ये रंगमंचावर आले.

नाटक घडते ते चाळीतील एका खोलीत. कर्ता पुरुष, गिरणी कामगार, हयात नाही. आई आहे, लेखनाचे स्वप्न बाळगणारा बाबा, क्रिकेटच्या नादात बुडालेला मोहन आणि गुंडगिरीच्या वाटेने गेलेला नरू हे मुलगे आहेत, आणि मंजू ही मुलगी आहे. गिरणी रंगमंचावर कोठेच दिसत नाही. तरीही या घरातील प्रत्येकाची स्थिती तिच्या नसण्याने ठरली आहे.

बनगरवाडीच्या धनगराला आपले साधन चालवत नेता येते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ते नेता येत नाही, पण निदान ते त्याच्या नावावर असते. गिरणी कामगाराचे साधन या दोन्हींहून वेगळे होते : मागावरचे कसब. ते त्याच्या हातात होते, पण माग मालकाचा होता. माग थांबला, त्या दिवशी ते कसब निरुपयोगी झाले. गिरणी ही केवळ पगार देणारी जागा नव्हती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. बदली कामगार म्हणून पोराला चिकटवता येण्याची आशा, गावच्या मंडळींची गाळ्यातली सोबत, खाणावळ, भजनी मंडळ, युनियन, गणेशोत्सव ही सारी वीण गिरणीच्या भोंग्याशी बांधलेली होती. बापामागून मुलाने कोणत्या वयात काय करायचे, हे ती वीण सांगत असे. ती उसवल्यावर ‘अधांतर’मधील मुलांना आयुष्य कोठून सुरू करायचे, हेच उमगत नाही.

बाबा, मोहन आणि नरू यांच्याकडे तीन निकामी स्वभाव म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्यांच्या वाटा नीट पाहिल्यास त्या जुळवून घेण्याच्याच तीन तऱ्हा आहेत, असे दिसते. बाबा परिस्थितीहून उंच उठू पाहतो, मोहन तिच्याकडे पाठ फिरवतो आणि नरू नव्या शहराने त्याच्यासारख्यांसाठी जी एकमेव भरती खुली ठेवली आहे, तीत सामील होतो. यांपैकी बाजाराच्या भाषेत सर्वांत ‘यशस्वी’ अनुकूलन नरूचे आहे, हा या नाटकातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग होय. परिस्थितीशी जुळवून घेणे हा स्वतःच सद्‌गुण असता, तर नरू हा या घराचा नायक ठरला असता. तसे म्हणण्यास कोणीही प्रेक्षक धजावत नाही, यातच त्या कल्पनेचा अपुरेपणा सिद्ध होतो.

जुळवून घेणाऱ्या स्त्रिया

तिन्ही कृतींतील पुरुषपात्रांच्या वाटा भिन्न आहेत. स्त्रियांच्या बाबतीत मात्र विलक्षण साम्य आहे. ‘बनगरवाडी’त शेकूजवळ जोडीला दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको स्वतः जोखडाला खांदा देते. हा प्रसंग स्त्रीच्या कष्टाळूपणाचा गौरव म्हणून उद्धृत केला जातो. पण त्यातील व्यवहार स्पष्ट आहे : उत्पादनाचे एक साधन कमी पडले आणि ती जागा स्त्रीच्या शरीराने भरून काढली. ‘बारोमास’मध्ये घटलेल्या मिळकतीत घर चालवण्याचा भार घरातल्या स्त्रीवर येतो आणि अलका तो नाकारते, तेव्हा ती वाचकाच्या रोषास पात्र होते. ‘अधांतर’मध्ये तिन्ही मुलगे आपापल्या दिशांना पांगले असता घर घर म्हणून धरून ठेवते ती आई.

अलकेविषयीचा रोष या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. तिला स्वार्थी, शहरी सुखाला चटावलेली स्त्री ठरवणे अवघड नाही; कादंबरीची सहानुभूतीही बव्हंशी एकनाथकडे आहे. परंतु घर सोडण्याची तिची कृती आणि बनगरवाडी सोडणाऱ्या धनगरांची कृती यांत तत्त्वतः फरक कोणता? दोघेही जेथे जगणे शक्य नाही, तेथून निघतात. एकाला शहाणपण म्हणायचे आणि दुसरीला पळ, हा भेद साहित्यकृतीत नसून वाचकाच्या संस्कारांत आहे. ज्याने जुळवून घ्यावे अशी अपेक्षा आहे, त्याने ते नाकारले की तो दोषी ठरतो. आरंभी उल्लेखिलेला दोन शब्दांचा उपदेश येथे पुन्हा ऐकू येतो.

काही आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या मांडणीत बनगरवाडीचे उदात्तीकरण होते. सामूहिकतेचे गोडवे गाताना कारभाऱ्याच्या एकछत्री शब्दाचा, रामोशांच्या हलक्या स्थानाचा आणि स्त्रियांवरील बंधनांचा विसर पडतो. हा आक्षेप रास्त आहे. माडगूळकरांनी या गोष्टी लपवलेल्या नाहीत. कारभाऱ्याच्या मुलीवरून मास्तरभोवती उठणारा संशय हा त्या जुन्या सामूहिकतेची दुसरी बाजू दाखवतो. वस्ती माणसाला सांभाळते आणि त्याच्यावर पाळतही ठेवते. जुन्या गावाकडे परतावे, असे येथे सुचवायचे नाही. सामूहिक साधने गेली आणि त्यांच्या जागी न्याय्य अशी नवी सामूहिक साधने आली नाहीत, एवढाच मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. कादंबरी आणि नाटक यांकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहणे त्यांच्या कलात्मकतेवर अन्याय करणारे ठरते, असे म्हटले जाईल. परंतु येथे घेतलेले अर्थ कृतींच्या रचनेतूनच निघतात. ‘बनगरवाडी’चे प्रथमपुरुषी निवेदन बाहेरून आलेल्या नोकराचे आहे, म्हणूनच गाव सोडणे त्यात ओस पडण्यासारखे दिसते. ‘बारोमास’ची बोली आणि तिचा संथ, ऋतूंमागून ऋतू सरकणारा वेग वाचकाला त्याच चक्रात बसवतो. ‘अधांतर’ला निवेदकच नाही, एका खोलीच्या मर्यादेत सर्वांना कोंडून नाटककाराने बाहेर पडण्याची वाट नसणे प्रत्यक्ष दृश्यमान केले आहे. रचना आणि आशय येथे वेगळे करता येत नाहीत.

समारोप

या तीन कृती त्यांतील जीवनाच्या क्रमाने शेजारी ठेवल्यास एक प्रवास दिसतो. प्रथम संकटाला उत्तर देणारा घटक वस्ती आहे. पुढे तो कुटुंब आहे आणि अखेरीस एकेकटी व्यक्ती. साधन चालते होते, मग ते गहाण पडले, मग ते दुसऱ्याच्या हाती गेले. जुळवून घेण्याची गरज वाढत गेली आणि ज्याच्या बळावर जुळवून घ्यायचे ते घटत गेले. अशा स्थितीत ‘माणूस परिस्थितीशी झगडतो आणि टिकतो’ हे विधान कितीही उत्साहवर्धक असले, तरी ते अर्धे आहे.

उरलेल्या अर्ध्या भागाची साक्ष या कृतींच्या बाहेर, परंतु त्यांच्याच भूगोलात मिळते. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला रस्त्यांवर आली आणि त्यातून घडलेल्या राजकीय दबावामुळे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क तेथे तगण्याचे साधन बनला. माडगूळकरांच्याच आटपाडी तालुक्यात १९९० च्या दशकापासून नागनाथअण्णा नायकवडी (मृत्यू २०१२) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी परिषदा भरवून कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी या मुलुखात पोहोचले, त्यामागे ही चळवळ आहे. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांनी प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज मिळवले. या तिन्ही ठिकाणी माणसांनी परिस्थितीशी केवळ जुळवून घेतले नाही. परिस्थितीनेही काही प्रमाणात माणसांशी जुळवून घ्यावे, अशी मागणी केली.

‘बनगरवाडी’, ‘बारोमास’ आणि ‘अधांतर’ या कृतींत अशी मागणी उभी राहत नाही, हा त्यांचा दोष नव्हे. ती का उभी राहत नाही, हे त्या प्रामाणिकपणे दाखवतात. समीक्षेचे आणि अध्यापनाचे काम त्यापुढचे आहे. पात्रांच्या सोशिकतेला दाद देऊन थांबणे म्हणजे सासरी निघालेल्या मुलीला दिलेला उपदेशच पुन्हा देणे होय. कोणाला जुळवून घ्यावे लागले, कोणासाठी, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय या कृतींचे वाचन पूर्ण होत नाही.